दहापैकी अडीच

१४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. कारण एकच. माझी मतं वाया जाताहेत.

रेल्वेच्या ऑडिटमध्ये सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. रिटायर झाल्यावर तीच नजर गाण्याकडे वळवली. सगळ्या जातीचे अल्बम ऐकतो. ख्याल, जॅझ, मेटल, कोरियन, भोजपुरी. भेदभाव नाही. सगळ्यांना सारखेच कमी मार्क देतो. दहापैकी सहाच्या वर कोणी गेलेलं नाही. एका सतारवाल्याला एकदा सात दिले होते. दुसऱ्यांदा ऐकून परत घेतले.

कालिंदीने वरच्या दोन खोल्यांचा होमस्टे केलाय. शाळेतून रिटायर झाल्यावर तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं म्हणे. इरावती, म्हणजे आमची मुलगी, पुण्यात बसून इंटरनेटवरचं बुकिंग बघते. बनारसात दुर्गाघाटच्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही, तरी लोक बॅगा ओढत येतात. आजवर गंगा आणि कालिंदीचं थालीपीठ, या दोनच गोष्टींसाठी यायचे. आता तिसरी देणार आहे.

प्लॅन : ‘श्रवण-न्याहारी’. रोज सकाळी नाश्त्याबरोबर एक पूर्ण अल्बम आणि त्यावर माझं मत. जगात कुठे नसेल. कालिंदीला सांगितलं. ती म्हणाली, “पोहे निवताहेत.” विरोध नाही. म्हणजे संमती.

१७ ऑक्टोबर

शुभारंभ. पाहुणे स्पेनचे नवरा-बायको. युरोपचे म्हणून युरोपचाच अल्बम निवडला. नॉर्वेचं मेटल. आदरातिथ्य हे असं असतं.

अल्बम भिकार. गाणारा गात नाही, त्याला कोणीतरी पायऱ्यांवरून ढकलल्यासारखा आवाज काढतो. गिटारवाले दोघे आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे, तीही रागावून. रागावण्यासारखं त्या देशात आहे काय? बिजली जात नाही, माकडं नाहीत. मी हे उभं राहून, मुद्द्यांसह मांडलं. ड्रमच्या वर ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागला. अडीच मार्क.

दोघांनी पोहे गच्चीवर नेऊन खाल्ले. उन्हाची हौस असते त्या लोकांना.

२२ ऑक्टोबर

इरावतीचा फोन. स्पॅनिश लोकांनी साइटवर लिहिलंय : घर सुंदर, कालिंदी देवमाणूस, नाश्ता अप्रतिम, यजमान गाण्यांवर ओरडतात. पाचपैकी तीन तारे.

‘गाण्यांवर ओरडतात’. मी गाण्यांवर बोलतो. त्यांचं इंग्रजी कच्चं आहे. इरावतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही जरा हळू बोलाल का?” मी म्हटलं, नॉर्वेवाल्यांना सांग.

शिवाय तीन तारे म्हणजे दहापैकी सहा. माझ्या हिशोबाने हा उच्चांक आहे.

२८ ऑक्टोबर

कलकत्त्याचे प्रोफेसर आणि त्यांच्या मिसेस. जाणकार मंडळी, म्हणून ख्यालाचा अल्बम लावला. पुण्याचा तरुण गायक, सध्या फार नाव आहे. संताप आला. विलंबित अकरा मिनिटांत उरकलं. याला कुठली गाडी पकडायची होती? तान अशी घेतो की प्रत्येक तानेनंतर स्वतःच ‘वा’ म्हणेल असं वाटतं. तबलजी मागे टाइपराइटर चालवतोय. साडेतीन.

मिसेस अतिशय नम्रपणे म्हणाल्या, थोडा वेळ नुसतंच ऐकूया का? मी तितक्याच नम्रपणे समजावलं की मताशिवाय ऐकणं म्हणजे नुसता आवाज. समजावणं बरंच लांबलं. तेवढ्यात अल्बम संपला. त्यात माझा काय दोष?

प्रोफेसर संध्याकाळी मला बघून जिन्यातून परत वर गेले. विचारात असावेत.

५ नोव्हेंबर, देवदिवाळी

घाटांवर दिवेच दिवे. दोन्ही खोल्या भरलेल्या. गच्चीवर पाहुणे, कालिंदीने सगळ्यांना चहा दिला. आणि नदीत नावांवर डीजे. भोजपुरी. एका नावेवरून गाणं संपायच्या आत दुसऱ्या नावेचं सुरू.

गच्चीच्या कठड्याशी उभा राहून प्रत्येक नावेला मार्क दिले. मोठ्याने, म्हणजे त्यांना कळावं म्हणून. एका नावेवरचा मनुष्य ओरडला, “का हो गुरू, लीलाम करत हउवा का?” मूर्ख. लिलावात भाव चढतात, इथे उतरत होते.

एका गाण्याला मात्र चार द्यावे लागले. त्याला निदान काय पाहिजे ते माहीत होतं. चार दिल्याबद्दल स्वतःचाच राग येतोय.

मागे वळून पाहिलं तर गच्चीवर कालिंदी एकटी. पाहुणे शेजारी वासुदेवशास्त्र्यांच्या गच्चीवर गेले होते. शास्त्रीबुवांची वेदपाठशाळा, तिथे दिवे पाहायला काय आहे? कालिंदी पेले गोळा करत होती. मी काही म्हणायच्या आत खाली गेली.

१२ नोव्हेंबर

बंगळूरच्या दोन मुली. खास त्यांच्यासाठी कोरियन. सात पोरी मिळून एक ओळ गातात. एकीला एक शब्द. सातवीच्या वाट्याला नुसतं ‘हे’ येतं. तिच्या आईवडिलांना काय वाटत असेल? दोन मार्क.

मुलींनी एक दिवस आधीच खोली सोडली. आजी आजारी आहे म्हणाल्या. संध्याकाळी संकठाघाटाकडून येत होतो तर दोघी तिथल्या गेस्टहाउसच्या पायरीवर बसून कचोरी खाताहेत. मी विचारलं, “आजी कशा आहेत?” एक म्हणाली बऱ्या आहेत, दुसरी म्हणाली वारल्या. आधी एकमत करायला हवं होतं.

खोटारड्या पिढीला खोटारडं संगीत. बरोबरच आहे.

२० नोव्हेंबर

आज भांडण. कालिंदी भांडताना आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त राग येतो. अल्बम नीट मिक्स केला नसला की असं होतं. महत्त्वाचं तेवढं मागे राहतं.

तिचं म्हणणं : तारे उतरताहेत. एका खोलीचं बुकिंग रद्द झालं. शास्त्रीबुवांकडची मुलं संथा म्हणताना मधेच सॅक्सोफोनच्या चालीत जातात, अशी तक्रार आली. हे असंच राहिलं तर ती होमस्टे बंद करेल आणि पुण्याला इरावतीकडे जाऊन राहील. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, “तुम्हाला स्पीकर आहेत.”

सॅक्सोफोनच्या अल्बमला मी स्वतःच दोन मार्क दिलेत. अमेरिकेचा जॅझ. ड्रमवाला ब्रशने वाजवतो, ऐकून वाटतं शेजारी कोणी अंगण झाडतंय. पोरांना तेवढंच उचलावंसं वाटलं तर पाठांतर कच्चं आहे.

तरी संसारासाठी माघार घेतली. ठराव : मत नाश्त्यानंतर. जास्तीत जास्त दहा मिनिटं. बसून.

२१ नोव्हेंबर

ठराव पाळला. बसून बोललो.

दहा मिनिटांत आटपलं नाही, पण अल्बमच तसा होता. अभंगांचा, गिटार आणि कसलीशी यंत्रं घालून. टाळाच्या जागी चमचे वाजवताहेत. गायिका प्रत्येक ओळीनंतर असा उसासा टाकते की विठ्ठलाने तिचा फोन उचलला नाही वाटतं. अशा अपराधाला दहा मिनिटं म्हणजे सूट दिल्यासारखं झालं असतं. दीड मार्क.

नागपूरचे एक गृहस्थ शेवटपर्यंत ऐकत होते. नंतर कळलं, ते चष्मा शोधत होते.

२७ नोव्हेंबर

जर्मन टेक्नो. एकच ठोका. मुखडा येईल म्हणून पाऊण तास थांबलो. एक मार्क, तोही ठोका चुकला नाही म्हणून.

पाहुणे नव्हते. कालिंदीसमोर मत मांडलं. तिने मिक्सर लावला. मिक्सर जास्त चांगला वाजत होता हे मी मोकळेपणाने मान्य केलं. ती हसली नाही.

३ डिसेंबर

अखेर कदर झाली. इरावतीने पुण्याला बोलावलंय. नव्या फ्लॅटमध्ये स्पीकर बसवायचे आहेत, बाबांशिवाय कोणावर भरवसा नाही म्हणाली. जावई केयूर इंजिनियर आहे, पण कान नाही.

कालिंदी येत नाही. पाहुणे आहेत म्हणे. माझी बॅग मात्र तिने लगेच भरली. स्वेटर जरा जास्तच घातलेत.

११ डिसेंबर, पुणे

स्पीकर पहिल्याच दुपारी बसले. दोनच होते. त्यानंतर काम नाही.

केयूर घरात कायम कानावर हेडफोन लावून असतो. ऑफिसचे कॉल म्हणे. काल बाथरूममधून येतानासुद्धा लावलेले होते.

परत जायचं म्हटलं तर इरावती म्हणते तिकीट मिळत नाही, थेट तीस तारखेचं आहे. ज्याने नोकरीभर रेल्वे तपासली त्याला हे सांगते. मी पाहिलं, उद्याच्या गाडीत जागा आहेत. तिला दाखवलं. ती म्हणाली, “राहा ना बाबा. तुमचा सहवास मिळतो.” आणि मैत्रिणीकडे गेली.

३१ डिसेंबर, बनारस

परतलो. घरात पाऊल ठेवलं आणि शांतता. हॉलमध्ये स्पीकर नाहीत. पोटमाळ्यावर, चादरीत गुंडाळून. “रंगकाम करायचं आहे,” कालिंदी म्हणाली. भिंतींना हात लावून पाहिला. रंगवाल्याचा पत्ता नाही.

मी नसताना दोन्ही खोल्या एकही दिवस रिकाम्या नव्हत्या. तारे वर गेले. इरावतीने साइटवर नवीन ओळ टाकलीय : ‘गंगाकाठी शांत घर’.

मी म्हटलं, हा सीझनचा परिणाम आहे. कालिंदी म्हणाली, “हो, सीझनच.” आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू सीझन मीच आहे.

१ जानेवारी

रात्रभर राग गेला नाही. सकाळी जाहीर केलं. यापुढे या घरात माझं एकही मत ऐकायला मिळणार नाही. एकही शब्द नाही. कडक मौन. बघू या घर कसं चालतं. आठवड्यात हातापाया पडतील. तोवर तोंड उघडणार नाही.

कालिंदी म्हणाली, “चहा देऊ का?” मी मान हलवली. पहिला दिवस तिने जिंकला, कारण चहा चांगला होता.

५ जानेवारी

थंडी मी म्हणतेय. नदीवर धुकं, समोरचा काठ दिसत नाही. रोज सकाळी हॉलच्या खिडकीत बसतो. शाल, कानटोपी. कानटोपीच्या आत इयरफोन. मौन घेतलंय, ऐकणं नाही सोडलेलं.

आज ध्यानधारणेचा अल्बम. कोणी इंग्रज बाई तिबेटी वाट्या वाजवते. एक वाटी वाजवून तीन मिनिटं थांबते. पुढची वाटी सापडत नसावी. कालिंदीच्या हातून पातेलं पडतं ते याहून सुरेल. डोळे मिटून, दात आवळून सहन केलं. बोलता येत नाही म्हणून राग सगळा चेहऱ्यावर येतो.

डोळे उघडले तर समोर जमिनीवर दोन पाहुणे बसलेले. हॉलंडची एक बाई आणि तिचा मुलगा. हात जोडून. मला वाटलं चहा मागताहेत. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. दोघांनी तिकडे वळून नमस्कार केला.

९ जानेवारी

हातापाया पडताहेत, पण चुकीची माणसं. हॉलंडची बाई रोज येऊन बसते. तिने शेजारच्या खोलीतल्या फ्रेंच माणसालाही आणलं. कोणी बोलत नाही. मी बासरी-विथ-समुद्रलाटा ऐकत होतो, इतकी बेसूर की डोळ्यांत पाणी आलं. फ्रेंच माणूस रडायला लागला.

कालिंदी दारातून बघत होती. पदर तोंडाला लावलेला. थंडी असावी.

१३ जानेवारी

हॉलंडच्या बाईने पुढे चिठ्ठी सरकवली. तुम्हाला आतमध्ये काय ऐकू येतं, असा प्रश्न. अखेर कोणीतरी मत विचारलं. चिठ्ठीवर लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असा मी अर्थ लावला.

ऐकत होतो तो एका ब्रिटिश रॉक टोळीचा नवा अल्बम. प्रामाणिकपणे इंग्रजीत लिहून दिलं : डावीकडे फार गर्दी आहे. उजवीकडे कोणीच नाही. मधला माणूस उगाच ओरडतोय. तो गप्प बसला तर काहीतरी ऐकू येईल.

बाईने वाचलं. परत वाचलं. मग चिठ्ठी कपाळाला लावली.

तीन मार्क द्यायचे राहिले.

१९ जानेवारी

इरावतीचा फोन, स्पीकरवर. त्या बाईने माझी चिठ्ठी इंटरनेटवर टाकली. हजारो लोकांनी वाचली. होळीपर्यंत बुकिंग फुल. लोक विचारताहेत, मौनीबाबांच्या खिडकीसमोर बसायला वेगळं बुकिंग लागतं का.

माझं मत जगाने वाचलं. ऊर भरून आला. कागदावर लिहून कालिंदीला दिलं : साइटवर नावापुढे ‘संगीत-समीक्षक’ असं टाका.

कालिंदीने वाचलं आणि इरावतीला सांगितलं, “बाबा म्हणताहेत, जसं आहे तसं राहू दे.”

कागद परत मागितला. तिने त्यावर बेसन चाळायला घेतलं.

२६ जानेवारी

संताप, संताप. आज पाहुण्याला एका आफ्रिकन अल्बमवर चार पानी मत लिहून दिलं. रोजनिशी सुरू केल्यापासून पहिल्यांदाच साडेपाच मार्क दिले होते, कारणांसकट. मनापासून लिहिलं होतं. त्या गिटारवाल्याने खरंच मला खिडकीतून उठवलं होतं.

पाहुणा म्हणाला, मी हे वाचणार नाही, नुसतं जवळ ठेवीन. पिशवीत घालून गेला.

वासुदेवशास्त्री भेटायला आले. त्यांनीच चौकशी केली. म्हणाले, “ढुंढिराज, मौन उत्तम चाललंय. पोरं आता संथा नीट म्हणतात.” मी खुणेनं सांगायचा प्रयत्न केला की हे मौन नाही, हा निषेध आहे. ते म्हणाले, “हो, हो, विकार जातात हळूहळू.”

३१ जानेवारी

कालिंदी आज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. पाहुणे आरती बघायला गेले होते. किती दिवसांनी अशी बसली. म्हणाली, वर तिसरी खोली काढावी म्हणते. म्हणाली, पुण्याला नाही जात आता. पुढे म्हणाली, “तुम्ही गप्प असलात की बरे दिसता.”

लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली. माझ्या दिसण्यावर पहिलं मत.

काहीतरी बोलावंसं वाटलं. अल्बम चालू होता, तो बंद केला. दोघं तशीच बसलो.

४ फेब्रुवारी

बास. आज डोकं फुटायची वेळ आली. पाहुण्याने भेट दिलेला अल्बम : ‘काशीचे पवित्र ध्वनी’ असं काहीतरी. कुठल्याशा परदेशी कंपनीने आमच्याच घाटांवर रेकॉर्ड केलेला. नावेचं डिझेल इंजिन, त्यावर तंबोरा. मधे कोणी शिंकतो. पाठशाळेतली पोरं चुकीचं म्हणताहेत, तेही ठेवलंय. आणि शेवटच्या ट्रॅकमध्ये लांबून कोणीतरी ओरडतंय, “दो नंबर, दस में से दो.” देवदिवाळीचं दिसतंय.

म्हणजे माझं मत, मला न विचारता, माझ्या नावाशिवाय, त्यांच्या अल्बममध्ये. आणि तेही मागे. मिक्स इतकं वाईट की माझाच आवाज पुसट.

ठराव : उद्या मौन सोडणार. खिडकीत बसून, सर्वांसमोर, या अल्बमचा निकाल लावणार. हातचं राखून नाही. मग कालिंदीने काय करायचं ते करावं.

५ फेब्रुवारी

बोललो.

समोर व्हिएतनामची बौद्ध मंडळी. सारनाथला निघालेली. म्हाताऱ्या बायका जास्त. त्यांचा गाइड खाली चहा घ्यायला गेला होता. मी कानटोपी काढली, उभा राहिलो आणि सुरुवात केली. आधी इंग्रजी, मग हिंदी, राग वाढला तसा मराठी. इंजिन, तंबोरा, शिंक, एकेक मुद्दा घेतला. तंबोऱ्याचा पंचम उतरलेला, तो तीनदा सांगितला. शेवटी अर्धा मार्क जाहीर केला. महिनाभराचं साचलेलं, सगळं बाहेर आलं. असा मी आयुष्यात बोललो नव्हतो.

कोणी उठलं नाही. कोणी गच्चीवर गेलं नाही. सगळ्या डोळे मिटून, हात जोडून शेवटपर्यंत ऐकत होत्या. एकीने तर ‘पंचम’ हा शब्द माझ्यामागून म्हटला.

दारात कालिंदी, हातात थालीपिठाचं ताट. पुण्याची बॅग भरते की काय असं तिच्याकडे बघून वाटलं. मी खाली बसलो.

गाइड वर आला. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने त्याच्या कानात काही विचारलं. त्याने कालिंदीला विचारलं, “माताजी पूछ रही हैं, बाबा कौन-सा मंत्र बोले? इसका अर्थ क्या है?”

कालिंदीने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, “अर्थ कुछ नहीं है, भइया. इनका रोज का पाठ है.”

बायकांनी थालीपीठ घेतलं. उद्या परत ऐकायचं आहे म्हणाल्या.